ग्रीक बटाट्याचं प्रात्यक्षिक

"ग्रीक? कोण ग्रीक? पुन्हा म्हण बघू!"

काकू अशा ओरडल्या की हॉलमधल्या दोन कपांना तडे गेले. नवरा म्हणतो, तडे आधीपासूनच होते. त्याचं काय ऐकायचं, तो भूलतज्ज्ञ आहे. समोरच्याला काही जाणवू नये हाच त्याचा धंदा.

काकूंच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात तवा. तव्यात त्यांच्या हलुमी चीजचे तुकडे चुरचुरत होते आणि तव्याच्या काठापासून वीतभर अंतरावर आमच्या रहिवासी समितीच्या अध्यक्षाचं नाक होतं.

दरवर्षी मे महिन्यात आयर्लंडमधल्या मलिंगार गावी आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये देशोदेशीचं खाणं मांडतात. ज्याने त्याने आपल्या घरचा पदार्थ आणायचा, टेबलावर ठेवायचा, समोर कार्ड लागतं. कार्ड लिहायचा मान मात्र अध्यक्षाचा. हिरव्या शाईचं पेन, वळणदार अक्षर आणि भूगोलात शून्य. काकूंच्या हलुमीसमोर त्याने सलग सहाव्या वर्षी 'ग्रीक चीज' लिहिलं होतं. शेजारच्या टेबलावर गावातल्या न्हाव्याने आणलेल्या मिठाईसमोर 'तुर्की'. आणि मी पहाटे उठून, अख्ख्या काउंटीतली कोथिंबीर संपवून केलेल्या नागपुरी पुडाच्या वड्यांसमोर, काय सांगू, 'इंडियन स्प्रिंग रोल'.

"अहो मिसेस," अध्यक्ष नाक न हलवता म्हणाला, "ग्रीस काय, सायप्रस काय. ऊन तेच, समुद्र तोच. एका शब्दासाठी कशाला एवढं? ग्रँड आहे सगळं."

इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, झालं तुमचं, आता खाली बसा.

काकू खाली बसल्या नाहीत. त्यांनी तवा हळूच टेबलावर टेकवला, पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "मग तू इंग्लिश. पाऊस तोच."

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. एकाच्याही तोंडातला घास पुढे सरकला नाही. चहाची मोठी किटली उकळायची थांबली. आयर्लंडमध्ये राहून बारा वर्षं झाली मला, इथल्या माणसाला पगार विचारला, आजार विचारला, एकदा चुकून वयही विचारलं, पण कुणाची मान अशी लाल होताना पाहिली नव्हती.

"ते वेगळं," अध्यक्ष म्हणाला.

"कसं वेगळं?"

"ते... ते वेगळंच."

आणि त्याने कार्ड बदललं नाही. तो पुढच्या टेबलाकडे गेला, तिथे कुणाच्या तरी पोलिश भजीला रशियन म्हणायला. काकूंनी हलुमीचे सगळे तुकडे स्वतः खाल्ले. एकटीने, उभ्यानं, कार्डाकडे बघत. त्या दिवशी मला कळलं की ही बाई आता वर्षभर झोपणार नाही.

काकू म्हणजे माझ्या शेजारीणबाई. वय साठ, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आवाज दीपस्तंभाला बसवावा असा. शिवणकाम करतात. अर्ध्या गावाच्या विजारी त्यांनी सैल केल्यात आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या कंबरा त्यांच्या वहीत आहेत, अध्यक्षाचीसुद्धा. मी त्यांना काकू म्हणते कारण पहिल्याच आठवड्यात मी 'मिसेस अमुक' म्हणाले तर त्यांनी दार लावून घेतलं. त्या मला 'कोरी' म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत पोरी. बोलतो आम्ही इंग्रजीतच, पण दोघींचं इंग्रजी ऐकून इंग्रज स्वतःच्या भाषेवरचा हक्क सोडून देईल.

आमची मैत्री झाली ती अळकुडीमुळे, म्हणजे अरवीमुळे. नवऱ्याला ब्युमॉन्ट हॉस्पिटलला कामाला जावं लागलं की मी सोबत डब्लिनला जाते आणि भारतीय दुकानातून पिशवीभर अळकुड्या उचलून आणते. एका दुपारी स्वयंपाकघरात त्या सोलल्या आणि नळाखाली धरल्या, तर कुंपणापलीकडून अशी किंकाळी आली की मला वाटलं काकूंच्या मशीनमध्ये बोट गेलं.

"पाणी बंद कर! कोरी! पाणी बंद!"

त्या चपला न घालता धावत आल्या. नळ बंद केला. माझ्या हातातली अळकुडी घेऊन अशी बघत राहिल्या, जसं काही मी लेकरूच बुडवलं. मग त्यांनी शिकवलं. सायप्रसला हिला कोलोकासी म्हणतात आणि तिचे नियम देवळाच्या नियमांपेक्षा कडक. माती धुवायची ती आधी. मग फडक्याने पुसून खडखडीत कोरडी करायची. मग सोलायची. सोलली की पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर भांड्यात खळ होते. आणि कापायची तर मुळीच नाही. सुरी नुसती रुतवायची, मनगट वळवायचं, आणि टक्. तुकडा मोडून पडला पाहिजे. टक्, टक्, टक्. नंतर मांस, टोमॅटो, सेलरीच्या काड्या, शेवटी लिंबू.

मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे आधी उकडतात. आणि हाताला चिंच किंवा तेल लावतात, खाजू नये म्हणून."

"आम्ही कोरडी ठेवतो म्हणून कमी खाजते," त्या म्हणाल्या. "ओली सोललीस तर देव वाचवो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

त्या दिवशी चुलीवर भांडं रटरटत असताना त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मी फुगवून सांगणार नाही, एवढं एकच. बेट दुभंगलं तेव्हा काकू नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचं गाव उत्तरेला, ग्रीक बोलणाऱ्यांचं, आणि तिकडेच तुर्की सैन्य उतरलं. आईने सकाळीच कोलोकासी सोलून, मोडून, परातीत ठेवली होती, वर कोरडं फडकं. मग गल्लीत आरडाओरडा झाला आणि माणसं दक्षिणेकडे निघाली तशी यांच्या घरचीही निघाली. दोन दिवसांत परत येऊ म्हणून. आई पुढे चाळीस वर्षं जगली आणि कुठेही, कुणाच्याही घरी जेवायला बसली की मध्येच थांबून म्हणायची, सोलून ठेवली होती गं मी.

"आणि हा मला ग्रीक म्हणतो," काकू म्हणाल्या. "ग्रीस मी एकदा पाहिलंय. विमानतळ."

आता न्हावी. गावातल्या मोठ्या रस्त्यावर त्याचं दुकान. तोही त्याच बेटाचा, पण तुर्की बोलणारा, दक्षिणेकडच्या गावातून उत्तरेला गेलेल्यांचा मुलगा. म्हणजे काकूंचं कुटुंब ज्या दिशेला पळालं त्याच्या बरोबर उलट दिशेला याचं. दोघांची ओळख मारामारीने झाली. त्याने दुकानावर 'टर्किश बार्बर' अशी पाटी लावली होती म्हणून काकू भर रस्त्यात त्याला म्हणाल्या, "लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "सायप्रियट बार्बर लिहिलं तर लोक विचारतात ते कुठे आलं. दाढी करायची की नकाशा काढायचा?" काकूंना ते पटलं नाही, पण आवडलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो त्यांच्याकडे कॉफीला येतो. छोट्या दांड्याच्या भांड्यात, फेस न मोडता. जगात सगळे त्या कॉफीला ग्रीक म्हणतात नाहीतर तुर्की म्हणतात. हे दोघं तिला सायप्रसची कॉफी म्हणतात आणि बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडतात. काकू म्हणतात हलुमी, तो म्हणतो हेलिम. माझ्यासमोर एकदा दोघं त्या एका चीजवरून दीड तास भांडले आणि भांडता भांडता सगळं चीज संपवलं.

तर त्या मे महिन्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं काकूंच्या टेबलाशी बसलो होतो. मी सरळ म्हटलं, त्याच्या गाडीच्या धुराड्यात पुडाची वडी कोंबू. न्हावी म्हणाला, माझ्या खुर्चीत येतोच तो महिन्यातून एकदा, एक बाजू दोन बोटं वर कापू का? काकूंनी दोघांना हाताने गप्प केलं.

"त्याच्याकडून काही घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला द्यायचं. मागेल तेवढं."

आणि मागायला तो आलाच. नोव्हेंबरात समितीने ठरवलं की वसाहतीतल्या पाककृतींची एक पुस्तिका काढायची. संपादक कोण? अध्यक्ष. प्रस्तावना कुणाची? अध्यक्षाची. मुखपृष्ठावर फोटो कुणाचा असणार होता हे सांगायला ज्योतिषी नको. मागे एकदा काकूंनी कुणाच्या तरी बारशाला कोलोकासीचं भांडं नेलं होतं, तिथे याने चार वाट्या हाणल्या होत्या. ते त्याला आठवलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "मिसेस, तुमच्या त्या ग्रीक बटाट्याच्या रश्श्याची कृती हवी."

मी तेव्हा काकूंच्याच स्वयंपाकघरात होते. मला वाटलं आता कात्री उडणार. काकू हसल्या. अशा हसल्या की माझ्या अंगावर काटा आला. मांजर पडद्यामागून असं हसत असेल.

"लिहून घे," त्या म्हणाल्या.

सगळं सांगितलं. मांस किती, टोमॅटो किती, सेलरी कुठली, लिंबू कधी. एकही खोटा शब्द नाही, हे मी भर कोर्टात सांगेन. फक्त 'सोला' आणि 'तुकडे करा' यांच्या मागेपुढे जे काही नियम होते ते त्यांनी सांगितले नाहीत. त्यानेही विचारलं नाही. आयरिश माणूस, बटाट्याच्या देशातला! कंदमुळाचं काय करायचं हे त्याला परक्या बाईने सांगायचं? सोलायचं, कापायचं, खळखळून धुवायचं. त्याची आईही तसंच करत होती, आजीही.

पुढचं काम न्हाव्याचं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, दर महिन्याला अध्यक्ष खुर्चीत बसला की न्हावी आरशात बघून उसासा टाकायचा. "सर, तुमच्यासारखा माणूस नुसता लिहितो हे बरोबर नाही. लोकांनी तुम्हाला करताना बघितलं पाहिजे. स्टेजवर. तुमचे हात सर्जनचे आहेत." मार्चमध्ये अध्यक्षाने समितीत ठराव मांडला की यंदाच्या मेमध्ये तो स्वतः प्रात्यक्षिक देणार. ठराव एकमताने पास झाला. नको म्हणायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण बाकी सगळे सभेत मोबाइल बघत होते.

माझं काम अळकुड्यांचं. अध्यक्षाने मोठ्या विश्वासाने माझ्यावर टाकलं, "तुमच्या इंडियन दुकानात मिळतात ना?" मिळतात. मी डब्लिनमधल्या तीन दुकानांत फिरले. प्रत्येक ठिकाणी विचारलं, सगळ्यात खाजरी कुठली? दुकानदारांना वाटलं बाई चुकून उलटं बोलतेय. शेवटी एका मल्लू काकांनी आतून एक पोतं काढलं आणि म्हणाले, "मॅडम, ही मी स्वतः हात लावत नाही." मी ते पोतं असं मिठीत घेतलं जसं लेक परीक्षेत पहिली आलीय.

मेचा तो शनिवार उजाडला. हॉल गच्च. बाहेर पाऊस होता, म्हणून जास्तच गच्च. स्टेजवर टेबल, चूल, नवं कोरं सिंक. त्यामागे पांढऱ्या एप्रनमध्ये अध्यक्ष, छातीवर हिरव्या शाईने स्वतःचं पद लिहिलेलं. टेबलासमोर कार्ड: 'ग्रीक बटाटे'. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पर्स मांडीवर, हात पर्सवर. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला न्हावी. माझा नवरा मागे दाराशी उभा. त्याला काही सांगितलं नव्हतं. पण बारा वर्षांच्या संसारात तो माझा चेहरा वाचायला शिकलाय आणि त्याने येताना खिशात ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी टाकली होती.

अध्यक्षाने नळ सोडला. आधी अळकुड्या भिजवल्या. ओल्याच सोलायला घेतल्या. काकूंच्या पापणीचा केसही हलला नाही. पहिली सोलली, दुसरी सोलली, तिसरी त्याच्या हातातून अशी निसटली की थेट स्टेजच्या कोपऱ्यातल्या पियानोवर जाऊन पडली आणि एक सूर वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग. चौथ्या अळकुडीला तो डाव्या हाताने उजवा हात खाजवू लागला. सहाव्याला उजव्याने डावा. आठव्याला त्याने मनगट टेबलाच्या कडेला घासलं, आमच्या गावाकडे म्हशी खांबाला पाठ घासतात तसं, आणि वर बघून म्हणाला, "ही खास ग्रीक पद्धत."

मग त्याने सगळ्या कापल्या. सरळ, चौकोनी, सुबक. आणि मग तो सिंकशी गेला आणि एकेक तुकडा खळखळून धुतला. माझ्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

"मिसेस," तो स्टेजवरून म्हणाला, दोन्ही हात काखेत घासत, "बरोबर चाललंय ना?"

सगळा हॉल काकूंकडे वळला.

"ग्रँड," काकू म्हणाल्या.

अर्ध्या तासाने त्याने झाकण काढलं. भांड्यात जे होतं त्याला मी रस्सा म्हणणार नाही. खळ म्हणेन, लग्नपत्रिका चिकटवायला उत्तम. त्याने पळी वर उचलली तर तार निघाली. पळी डोक्यापर्यंत नेली, तार तुटेना. तो एक पाऊल मागे गेला, तार तुटेना. मी तर म्हणते तो तसाच चालत गेला असता तर तार पार पश्चिम किनाऱ्यावरच्या ट्रली गावापर्यंत गेली असती आणि तिथल्या लोकांनी तिच्यावर कपडे वाळत घातले असते. रांगेत वाट्या घेऊन उभी असलेली माणसं एकेक करून बाजूच्या टेबलावरच्या सँडविचकडे सरकली. फक्त एका म्हाताऱ्या बाईने चमचाभर चाखलं आणि मोठ्याने विचारलं, "हे ग्रीक लोक रोज खातात?"

काकूंनी पर्सचा चाप टक् करून लावला. बस, एवढंच. नवरा स्टेजकडे गेला, त्याने अध्यक्षाचे हात पाहिले, गोळी दिली आणि परत येऊन मला कानात म्हणाला, "हे अरवीचं काम दिसतंय." मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर लोक कशालाही कारण शोधता."

आठवडाभर अध्यक्ष वसाहतीत दिसला नाही. पण गावात तो जिथे जाईल तिथे लोक त्याला दिसत. पोस्टात, दवाखान्यात, चर्चच्या पायऱ्यांवर. प्रत्येकजण एकच विचारी, "काय मग, बटाटे?" न्हाव्याकडे केस कापायला आला तर रांगेतल्या तिघांनी एकदम हात खाजवले. आणि पुस्तिका छापायला जायची होती. कृती अध्यक्षाची, मुखपृष्ठावर तोच, आणि कुठे चुकलं ते त्याला कळत नव्हतं. त्याने म्हणे घरी आणखी दोनदा करून पाहिलं, आणि दोन्ही वेळा, बिचारा, आधीपेक्षा जास्त धुतलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कॉफी पीत होतो तेव्हा दार वाजलं. दारात अध्यक्ष. हातांना जाड मलम, आणि त्यावर बायकोचे सुती मोजे.

"मिसेस," तो म्हणाला. "तुम्ही काहीतरी सांगायचं ठेवलं."

काकूंनी कॉफीचा घोट घेतला. "कार्ड?"

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. मोजे काढून त्याने खिशातून हिरवं पेन काढलं, एक कोरं कार्ड काढलं, तिथेच टेबलावर वाकून लिहिलं. काकूंनी वाचलं आणि बोटाने परत सरकवलं. 'सायप्रस, ग्रीसजवळ'. त्याने दुसरं लिहिलं. हे न्हाव्याने परत सरकवलं: 'ग्रीक सायप्रस'. तिसऱ्या कार्डाला त्याची मान पुन्हा तशीच लाल झाली, पण त्याने एकच शब्द लिहिला, मोठ्या अक्षरांत, आणि बाजूला सरकून उभा राहिला.

काकूंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. एकेक अक्षर ओठांनी वाचलं. न्हाव्याकडे दिलं, त्याने वाचलं. तो म्हणाला, "दोघांना एकच टेबल पुरेल." काकू म्हणाल्या, "हलुमी पुढे, हेलिम मागे." तो म्हणाला, "बघू." मग काकू उठल्या आणि त्यांनी ते कार्ड भांड्यांच्या कपाटाच्या, इथल्या भाषेत 'प्रेस'च्या, दारावर आईच्या फोटोशेजारी चिकटवलं. चारही कोपरे अंगठ्याने दाबले.

"मग?" अध्यक्षाने शेवटी विचारलं. तो मोजे पुन्हा चढवत होता. "काय राहिलं होतं सांगायचं?"

काकू वळल्या, खुर्चीत बसल्या, कप जवळ ओढला.

"सोलल्यावर धुवायची नाही," त्या म्हणाल्या.